दुसऱ्या सत्राचा रकाना

ओमानच्या किनाऱ्यावर सहम नावाचं गाव आहे, तिथल्या बाजारात सादिक पेवेकरचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. किनाऱ्याकडच्या शेतांना विहिरींचं पाणी लागतं आणि त्या पाण्याला दिवसेंदिवस खार चढत चाललाय. खाऱ्या पाण्याने पंप लवकर खलास होतात, त्यामुळे सादिकला कामाची ददात नाही. माणूस शांत. गिऱ्हाईक कितीही अंगावर आलं तरी "इन्शाल्ला, बुधवारी," एवढंच म्हणणार. पण जोहरा मॅडमचं नाव कुणी काढलं की त्याच्या हातातला पाना थांबायचा. बाजारातल्या कोकणातल्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून त्याच्यासमोर ते नाव कुणी काढत नसे.

जोहरा मॅडम तिथल्या इंडियन शाळेत कोऑर्डिनेटर. सादिकची बायको जमिला त्याच शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांमागे जमिलाच्या पोटात दुखायला लागलं. सोहारच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, इथे वेळ घालवू नका, मुंबईला जा, ऑपरेशन करा. तिकीट निघालं असतं त्याच दिवशी. पण पासपोर्ट शाळेत होता. खरं तर पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे असावा असा कायदा आहे, पण शाळा सगळ्या टीचरांचे घेऊन ठेवायची आणि कुणी तक्रार करायचं नाही. जमिला मागायला गेली तेव्हा जोहरा मॅडम म्हणाल्या, "अगं, तो व्हिसाच्या कामाला मस्कतला गेलाय. आला की देते." दर दोन दिवसांनी जमिला विचारायची आणि दर वेळी पासपोर्ट मस्कतलाच असायचा. बारावीच्या मुलांच्या सराव परीक्षा आटोपल्या आणि त्याच आठवड्यात पासपोर्ट मस्कतहून आला.

मुंबईत डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. जमिलाला बाणकोट खाडीच्या काठावरच्या गावी दफन करून सादिक मुलीला घेऊन परत आला. शाळेतून बायकोचं सामान आणायला गेला, तेव्हा ऑफिसातल्या ओमानी मुलीने त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की पासपोर्ट मस्कतला कधी गेलाच नव्हता. जोहरा मॅडमच्या कपाटात होता. गणिताला बदली टीचर मिळत नव्हती म्हणून.

सादिकने आरडाओरड केली नाही. तो काय करणार होता? शाळेवर केस टाकायची तर कागद कुठे होता? आणि मुलगी, तस्नीम, त्याच शाळेत शिकत होती. त्याने फक्त मनाशी ठरवलं की ही बाई कधीतरी आपल्या दारात येईल, आणि तोपर्यंत आपण वाट बघायची.

ती दारात आली, पण आधी तस्नीमचं काम अडलं.

तस्नीम आता बारावीत होती. सकाळी शाळा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सोहारचं एक खासगी कॉलेज. बारावीच्या हुशार मुलांना ते कॉलेज आपले पहिल्या वर्षाचे विषय आधीच घेऊ देतं, आणि ते मार्क पुढेही धरतात. जमिलानेच ते कॉलेज शोधून ठेवलं होतं. पोरीने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्ज करायचा, पूर्ण स्कॉलरशिप मिळवायची, हेही जमिलानेच ठरवलेलं. आई गेल्यावर तस्नीमने त्यातलं काही बदललं नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती शाळेतून थेट दुकानात आली आणि दप्तर एका जुन्या पंपावर आपटलं.

"काय झालं?" सादिकने विचारलं.

"जोहरा मॅम माझा रिपोर्ट सेंड करत नाहीयेत. अर्जाबरोबर शाळेने विद्यापीठाला पाठवायचा असतो तो."

उत्तम तिथेच चहा पीत बसला होता. हा चिपळूणचा, शेजारच्या रंगाच्या दुकानात हिशेब लिहायचा. दुपारी मालक झोपला की तो सादिककडे येऊन बसायचा. तो म्हणाला, "काय गं, मार्क कमी पडले का?"

"नाही हो अंकल. अर्जात विचारलंय, या वर्षी कोणते सब्जेक्ट्स. फर्स्ट सेमिस्टरचे मी लिहिले. सेकंडचे कॉलेजमधले सब्जेक्ट्स मला माहीत नाहीत."

"म्हणजे? तुझे विषय तुला माहीत नाहीत?"

"कॉलेजलाच माहीत नाहीत! नवीन सर येणारेत. त्यांचा व्हिसा आला तर कॅल्क्युलसचा नेक्स्ट पार्ट. नाही आला तर स्टॅटिस्टिक्स. टाइमटेबल जानेवारीत लागणार आणि अर्ज याच महिन्यात द्यायचा. म्हणून मी लिहिलं की अजून ठरलं नाही, या दोनपैकी एक असेल, ठरलं की कळवते. विद्यापीठाच्या वेबसाइटवर तसं लिहा असंच सांगितलंय. मी जोहरा मॅमना दाखवलं पण."

"मग?"

"मॅम म्हणाल्या, रकाना असा अर्धवट ठेवायचा नाही, रिजेक्ट होतो. समरीनसारखं लिही, कॅल्क्युलस आणि फिजिक्स. मी म्हटलं, फिजिक्स तर त्या कॉलेजात नेक्स्ट टर्मला नाहीच आहे. तर म्हणाल्या, कोण बघायला येणार आहे?"

समरीन ही जोहरा मॅडमची मुलगी. तस्नीमच्याच वर्गात, त्याच कॉलेजात, त्याच विद्यापीठाला अर्ज करणारी.

आता जोहरा मॅडमचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही. आखातात आयुष्य काढलेल्या माणसाला अर्धा रकाना दिसला की धडकी भरते. व्हिसा असो, मुलांचं रहिवासी कार्ड असो, लायसन असो, एक घर रिकामं राहिलं की खिडकीवरचा माणूस कागद परत सरकवतो आणि म्हणतो, उद्या या. म्हणून इथे सगळे सगळं भरतात. बापाचा रक्तगट माहीत नसला तरी भरतात. जोहरा मॅडमनी शेकडो मुलांचे कागद असेच भरले होते. अमेरिकेतला माणूस "माहीत नाही" हे उत्तर चालवून घेईल, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. आणि शिरलं असतं तरी जमिलाच्या मुलीने सांगितलेलं त्या ऐकणार नव्हत्या.

"मग तू काय म्हणालीस?" सादिकने विचारलं.

"अम्मी वर्गात सांगायची ना, न सोडवलेल्या गणिताचं उत्तर लिहायचं नाही. तेच म्हटलं."

उत्तमने चहाचा कप खाली ठेवला. "असं तिच्या तोंडावर म्हणालीस? जमिलाभाभींचं नाव घेऊन?"

"हो. मग त्या लाल झाल्या. म्हणाल्या, तुझ्या अर्जात आणि माझ्या रिपोर्टमध्ये एकच लिहिलेलं पाहिजे. मी सांगते तसं लिही, नाहीतर मी सेंड करणार नाही. आणि त्या मक्केला उमऱ्याला चालल्यात, अब्बा. परत येईपर्यंत मुदत संपते."

सादिकने समोरच्या पंपाचा बोल्ट फिरवायला घेतला आणि तो उलट्या बाजूने फिरवत राहिला.

तस्नीम घरी गेल्यावर तो म्हणाला, "उत्तमराव, तुमचं इंग्रजी कसं आहे?"

"रंगाच्या डब्यांपुरतं आहे. का?"

"एक पत्र लिहायचंय. त्या विद्यापीठाला. समरीन कासम म्हणून एक मुलगी आहे, तिने खोटे विषय लिहिलेत, कॉलेजात असा विषयच नाही, आणि तिच्या आईने शाळेचा शिक्का मारून त्याला दुजोरा दिलाय. चौकशी करा."

उत्तमने त्याच्याकडे बघितलं. "सादिकभाय, पोरीचं नुकसान होईल."

"माझ्या पोरीची आई गेली. तिच्या पोरीचं कॉलेज जाऊ दे."

"समरीनने काय केलंय?"

"जमिलाने काय केलं होतं?"

उत्तमने कागद पुढे ओढला. त्याने पत्र लिहून दिलं. अडेल तिथे फोनला विचारून, पण लिहून दिलं. सादिकने ते आपल्या फोनमध्ये घेतलं, विद्यापीठाचा पत्ता टाकला आणि ठेवून दिलं. बोट लावलं की जाईल अशी तयारी झाली. त्या दिवशी त्याने बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवण केलं. तस्नीमलाही ते दिसलं. तिने विचारलं, "आज काय झालं?" तो म्हणाला, "भूक लागली."

लगेच का पाठवलं नाही? त्याला ते जोहरा मॅडमच्या तोंडासमोर पाठवायचं होतं. कारण आपल्याकडची रीत त्याला माहीत होती. हजला किंवा उमऱ्याला निघालेला माणूस निघण्याआधी ओळखीच्या घरी फिरतो आणि म्हणतो, काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा. माणसाच्या हक्कात केलेली चूक माणसानेच माफ करावी लागते, ती अल्लाहही परस्पर माफ करत नाही, असं मौलवी सांगतात. घरचे म्हणतात, माफ केलं, तुम्हीही करा, आमच्यासाठी दुआ करा. चहा होतो, खजूर होतात. कुणी कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नाही.

जोहरा मॅडम शुक्रवारी आल्या. जुम्म्याची नमाज झाल्यावर, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. नवरा कासम हा गोडबोल्या माणूस, मासळी निर्यातीच्या कंपनीत होता. दारातूनच म्हणाला, "अस्सलाम वालेकुम सादिकभाय! काय, ओळखलं की नाही? तुम्ही तर आमच्याकडे फिरकतच नाही. पंपाच्या दुकानात भारी कमाई चाललीय वाटतं."

"वालेकुम अस्सलाम. बसा."

तस्नीमने पाणी आणलं. समरीन तिच्याकडे बघून जराशी हसली आणि मग आईकडे बघून गप्प झाली. जोहरा मॅडम सोफ्याच्या कडेला बसल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, ताठ, बोलायची सवय असलेली. पण त्या घरात त्यांचा आवाज बारीक निघाला.

"सादिकभाय, आम्ही परवा निघतोय. बसने. अबुधाबीवरून. म्हटलं जाण्याआधी भेटून जावं. माणूस आहे, काही चुकलं-माकलं असेल, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर माफ करा."

हे त्या सकाळपासून घरोघर म्हणत आल्या होत्या. वाक्य तोंडात बसलं होतं. कासमने पुढच्या उत्तराची वाट न बघता खजुराच्या ताटलीकडे हात नेला.

सादिक म्हणाला, "काय चुकलं?"

"म्हणजे?"

"तुम्ही माफी मागताय. कशाची, ते विचारतोय."

कासम हसला. "अहो सादिकभाय, ही तर रीत आहे. ते काय हिशेब मांडून मागायचं असतं?"

"कासमभाय, तुम्ही खजूर खा. मी मॅडमना विचारतोय."

कासमचा हात ताटलीतच राहिला. जोहरा मॅडमनी ओढणी सारखी केली. "आता... तस्नीमच्या रिपोर्टवरून थोडं बोलणं झालं. मी तिच्या भल्यासाठीच—"

"रिपोर्टचं नाही विचारत."

"मग?"

"तुम्हाला माहीत आहे."

तस्नीम दारातून म्हणाली, "अब्बा." तिच्या आवाजात विनंती होती. तिचा सगळा अर्ज त्या बाईच्या हातात होता आणि बाप त्या बाईला घरात बसवून उभं चिरत होता. सादिकने तिच्याकडे बघितलं नाही.

"मॅडम, मी तुम्हाला वेळ देतो. मला घाई नाही. तुमची बस परवा आहे."

"सादिकभाय, मुलांसमोर—"

"मुलांसमोरच. तस्नीमची आई होती ती. समरीनची टीचर होती. दोघींनी ऐकू दे."

त्याने खिशातून फोन काढला आणि मांडीवर ठेवला. पत्र उघडलेलं होतं. नुसतं बोट लावायचं होतं. ते फक्त त्याला माहीत होतं, पण त्याला वाटलं आपला अंगठाच या बाईच्या गळ्यावर आहे.

जोहरा मॅडमनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जमिलाचा पासपोर्ट."

"काय त्याचं?"

"मस्कतला गेला नव्हता."

"मग कुठे होता?"

"माझ्या कपाटात."

कासमने बायकोकडे वळून बघितलं. "काय? तू तर मला म्हणाली होतीस की ऑफिसवाल्यांनी—"

"मी खोटं बोलले." आता त्यांचं बोलणं भराभर यायला लागलं. "वर्गाला टीचर नव्हती. प्रिन्सिपल रोज विचारत होते. मला वाटलं पोटाचं दुखणं आहे, दोन-तीन आठवड्यांनी काय होतंय. मला काय माहीत होतं, सादिकभाय? अल्लाशप्पथ, मला माहीत असतं तर मी स्वतः तिला विमानतळावर सोडलं असतं. मी त्यानंतर एक रात्र नीट झोपले नाही."

"मी पण नाही," सादिक म्हणाला.

समरीन रडत होती. आवाज न करता, ओढणीचं टोक तोंडात धरून. जमिलाने हिला पाचवीपासून शिकवलं होतं. या पोरीची गणितं तिने याच घरात, याच टेबलावर बसवून घेतली होती, आणि जाताना तिच्या हातावर बिस्किटं ठेवली होती. सादिकला हे आठवायचं नव्हतं, पण आठवलं.

त्याने फोनकडे बघितलं.

आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की पत्र पाठवलं तर काय होईल. समरीनचा अर्ज जाईल. जोहरा मॅडम रडतील, शिव्या देतील, सगळ्या सहमला सांगतील की बघा, सादिकने माझ्या निरपराध पोरीचं वाटोळं केलं. आणि मग त्यांना झोप लागायला लागेल. त्यांनी त्याचं घेतलं, त्याने त्यांचं घेतलं, फिटंफाट. उद्या त्यालाच त्यांच्या दारात उभं राहून चुकलं-माकलं म्हणावं लागेल. ही बाई इतक्या स्वस्तात सुटावी असं त्याला वाटेना.

त्याने फोन उलटा करून बाजूला ठेवला.

"आता माफ करा, सादिकभाय," जोहरा मॅडम म्हणाल्या. हात जोडले होते. "मी सगळं सांगितलं."

"सांगितलंत."

"मग?"

"चूक माझ्या हक्कात केली होती का तुम्ही? जिच्या हक्कात केली तिच्याकडे मागा."

"ती तर..."

"हो. बाणकोटच्या बाजूला, खाडीच्या काठावर. कब्रस्तान सापडेल, कुणीही दाखवेल. जा, मागा. तिने माफ केलं की मी पण केलं."

कासम उभा राहिला. त्याचा गोडवा पार गेला होता. "सादिकभाय, माणूस अल्लाच्या घरी चाललाय. अशा वेळी कुणी परत पाठवत नाही. आपल्यात असं कुणी केलेलं नाही."

"आपल्यात आजारी बाईचा पासपोर्टही कुणी कपाटात ठेवला नव्हता, कासमभाय."

ते गेले. खजूर तसेच राहिले.

दार बंद झाल्याबरोबर तस्नीम फुटली. ती मराठीत भांडायला लागली की शब्द शोधायची आणि सापडला नाही की इंग्रजीत जायची. पण त्या दिवशी तिला सगळे शब्द सापडत होते. "एक शब्द, अब्बा! एक शब्द बोलायचा होता. माफ केलं. सगळे बोलतात. मनात नसलं तरी बोलतात! आता त्या माझा रिपोर्ट कशाला सेंड करतील? परवा त्या बसमध्ये, आणि मी घरी. माझं वर्ष गेलं."

"तिने बोलायला पाहिजे होतं. बोलली."

"तुम्हाला ते पाहिजे होतं! मला ॲडमिशन पाहिजे होती. अम्मीला पण तेच पाहिजे होतं. अम्मीने माफ केलं असतं."

"केलं असतं," सादिक म्हणाला. "ती तशीच होती. म्हणून तर गेली. रोज गोड बोलून पासपोर्ट मागत बसली."

हे त्याला बोलायचं नव्हतं. तस्नीम आत गेली आणि दार लावून घेतलं. तो तिथेच बसून राहिला. पहिल्यांदाच त्याला भीती वाटली की आपण नेम धरला एकीवर आणि गोळी लागली दुसरीला. पण तरीही उठून, गाडी काढून, त्या बाईच्या घरी जाऊन 'माफ केलं' म्हणावं, असं त्याच्या पायांना वाटेना. तो स्वतःलाच म्हणाला, सादिक, पोरीसाठी जा. पाय हलले नाहीत.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. तरी सकाळी तस्नीमच्या फोनवर निरोप आला, शाळेत ये. ती बापाला न सांगता गेली. दुपारी सादिक दुकानात एका मोटरचं वायंडिंग बघत होता, तेव्हा उत्तम धावत आला. "सादिकभाय, बाहेर या. तुमची लेक कासमभायच्या गाडीतून उतरतेय."

सादिक बाहेर आला. तस्नीमचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा वेगळा होता.

"रिपोर्ट गेला," ती म्हणाली. "मी समोर होते. मॅमनी मलाच सांगितलं, तूच सांग, कसं लिहायचं. दुसऱ्या सत्राचे कॉलेजचे विषय अजून ठरलेले नाहीत, कॉलेजचं वेळापत्रक जानेवारीत लागेल, तेव्हा शाळा कळवेल. असंच लिहिलं. अक्षरशः तसंच."

"आणि समरीनचं?"

तस्नीमने बापाकडे चमकून बघितलं. तिला पत्राचं माहीत नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न त्याने का विचारला ते तिला कळलं नाही. "तिचं पण बदललं. समरीननेच हट्ट केला. काल घरी गेल्यावर म्हणाली, अम्मी, मी खोटं लिहून कुठे जाणार नाही. रात्रभर भांडल्या म्हणे." मग ती घुटमळली. "अब्बा, मॅम गाडीत आहेत. त्या विचारतायत..."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी उभी होती. कासम स्टिअरिंगवर, समोर बघत. मागच्या खिडकीची काच खाली केलेली आणि त्यात जोहरा मॅडमचा चेहरा. बाजारात दुपारची सामसूम होती, तरी समोरच्या बेकरीतला मलबारी पोरगा दारात येऊन बघत होता. उत्तम रंगाच्या दुकानाच्या दारात उभा राहिला, आत गेला नाही.

सादिकने हात फडक्याला पुसले आणि गाडीपाशी गेला.

"रिपोर्ट पाठवला, सादिकभाय," जोहरा मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली तसा."

"ते तुमचं कामच होतं."

"हो. होतं." त्यांनी मान हलवली. काल त्यांच्या बोलण्यात जी घाई होती ती आता नव्हती. "मी गावी पण जाईन. जमिलाच्या... तिथे. मे महिन्यात. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मलाच जायचंय. पण बस उद्या सकाळी आहे. तोपर्यंत तुम्ही जर..."

वाक्य पुरं झालं नाही. तस्नीम बापाच्या मागे उभी होती. तिचा अर्ज आता गेला होता, आता त्याच्या एका शब्दाने तिचं काही बिघडणार नव्हतं आणि सुधारणारही नव्हतं. म्हणजे आता जे काय बोलायचं ते फक्त त्याचं होतं. माफीचा शब्द देऊन टाकला असता तरी चाललं असतं. कुणी त्याला भित्रा म्हणालं नसतं, उलट मशिदीत चार लोकांनी पाठ थोपटली असती.

पण सादिकच्या हे पुरतं ध्यानात आलं होतं की काल त्याने माफ केलं असतं तर आज हा रिपोर्ट गेला नसता. चहा पिऊन, खजूर खाऊन, हलकी होऊन ही बाई बसमध्ये बसली असती, आणि तस्नीमचा रकाना विसरून गेली असती. आज ती शाळा उघडून बसली, कारण तिच्या डोक्यावर काहीतरी होतं. ते तिथे त्याने ठेवलं होतं. त्याला ते उतरवायचं नव्हतं. आज नाही, आणि मे महिन्यात ती कबरीवर जाऊन आली तरी तेव्हाही बहुतेक नाही. ती म्हातारी होईपर्यंत दर वर्षी त्याच्यासमोर येऊन उभी राहावी आणि दर वर्षी तशीच परत जावी, एवढीच त्याची इच्छा होती. यापलीकडे त्याला तिचं काहीही नको होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "सुखरूप जा. तब्येत सांभाळा. रस्ता लांबचा आहे."

जोहरा मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी आलं. त्या खिडकीतून पुढे झाल्या.

"आणि परत या," सादिक म्हणाला. "मी इथेच आहे."

त्याचा अर्थ त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्या मागे सरकल्या आणि काच वर गेली. कासमने गाडी वळवली.

तस्नीम त्याच्याकडे बघत राहिली. ती आता रागावलेली नव्हती. एखाद्या अनोळखी माणसाला बघावं तसं बघत होती. मग म्हणाली, "अब्बा, तुम्हाला याने बरं वाटतंय का?"

सादिकने खरं उत्तर दिलं. "हो," तो म्हणाला, आणि आत जाऊन वायंडिंग पुढे बघायला लागला.